धूर म्हणजे न जळलेलं सरपण

चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यात, गडचांदूर परिसरातल्या सिमेंटच्या भट्ट्यांत चुनखडीचं क्लिंकर (ज्याचं पुढे दळून सिमेंट होतं ते) होतं साधारण १४५० अंश सेल्सिअसला. भट्टीत कोळसा किती गेला, हवा किती गेली, ती आत शिरण्याआधी किती तापली होती, यावर तिथे सतत नजर असते. हवा कमी पडली तर कोळसा अर्धवट जळतो, जास्त झाली तर उष्णता धुराड्यावाटे निघून जाते. याच कोरपना तालुक्यातल्या आणि शेजारच्या जिवतीच्या डोंगरातल्या कितीतरी घरांत आजही चूल पेटते. तिथे हवेवर ताबा ठेवायला एक फुंकणी आणि एका बाईची फुप्फुसं एवढंच असतं. ज्वलनाचं शास्त्र दोन्हीकडे एकच आहे. लाकडावर चालणाऱ्या, हाताने उचलून नेता येणाऱ्या छोट्या चुलीत ते पत्र्याच्या, एकात एक घातलेल्या दोन नळकांड्यांत बसवता येतं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत अशी चूल घरोघरी असायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

लाकूड पेटतं असं आपण म्हणतो, पण ज्वाला दिसते ती लाकडाची नसते. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं. दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे लाकूड फुटू लागतं आणि त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरी वाफा बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळपास ८० टक्के भाग असा वायुरूप होतो. ज्वाला असते ती या वायूंची. उरलेला पाचवा हिस्सा कोळसा, तो निखारा होऊन सावकाश जळतो. वायूंना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता एकाच वेळी मिळाली नाही तर ते न जळताच निसटतात. तोच धूर. डोळ्यांत जाणारा, भिंतीवर काजळी धरणारा धूर हे वाया गेलेलं सरपणच आहे.

ओल्या लाकडाचं दुखणंही इथेच आहे. निम्मं पाणी असलेला ओंडका घेतला, तर ते पाणी उडवायला त्यातल्या उष्णतेचा सुमारे सातवा भाग जातो. हे नुकसान त्या मानाने थोडं. खरं नुकसान वेगळं आहे: वाफ ज्वालेचं तापमान खाली ओढते, वायू पेट घेत नाहीत, आणि घर धुराने भरतं.

छोट्या चुलीची युक्ती सोपी आहे. आतल्या नळकांड्यात बोटाएवढे लाकडाचे तुकडे भरायचे आणि आग लावायची ती वरून. खालच्या भोकांतून थोडीच हवा आत येते, त्यामुळे आग हळूहळू खाली सरकते आणि लाकडातून वायू सुटत राहतो. तो वर येतो तोवर, दोन भिंतींमधल्या फटीतून चढताना तापलेली हवा वरच्या भोकांतून आत येऊन त्याला गाठते. वायू तिथेच, भांड्याखाली, जवळजवळ पूर्ण जळतो. १९८५च्या आसपास अमेरिकेत टॉम रीड या रचनेपाशी पोचले, आणि त्यांच्याशी संबंध नसलेले नॉर्वेचे पॉल वेंडेलबोही वेगळ्या वाटेने तिथेच पोचले. आपल्याकडे डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ने, म्हणजे १९९६ साली स्थापन झालेल्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, ‘संपदा’ ही याच तत्त्वाची चूल तयार केली. स्वयंपाक आटोपल्यावर तिच्यात कोळसा उरतो. तो फेकायचा नाही. वजनाने तो पाचवा हिस्सा असला तरी लाकडातल्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यात असतो. याच संस्थेच्या ‘सराई’ कुकरमध्ये शंभरेक ग्रॅम कोळशावर एका कुटुंबाचा वरणभात वाफेवर शिजतो.

आता थोडं गणित. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे १६ हजार किलोज्यूल असतात, म्हणजे कागदावर पन्नास लिटर पाणी उकळायला हवं. तीन दगडांची चूल त्यातली दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला देते: पाच ते सात लिटर. सुधारित चुलींच्या भारतीय मानकात (आयएस १३१५२) पंख्याविना चालणाऱ्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याने हवा फुंकणाऱ्या चुलीला ३५ टक्के कार्यक्षमता सांगितली आहे. म्हणजे बारा ते सतरा लिटर. पंख्याची चूल जास्त चांगली, यात वाद नाही. पण जिथे तीन-तीन दिवस वीज जाते तिथे बॅटरी चार्ज कुठे करणार? आणीबाणीसाठी मी बिनपंख्याचीच चूल निवडेन.

लाकूड आणायचं कुठून, हा या जिल्ह्यांत जिवाचा प्रश्न आहे. मोहफुलं, तेंदूपानं किंवा सरपण आणायला जंगलात गेलेल्या माणसावर वाघाने हल्ला केल्याची बातमी चंद्रपूरकरांना नवी नाही. मोळी वाहणाऱ्या बहुतेक बायाच असतात. छोट्या चुलीला मात्र ओंडके लागतच नाहीत. कोरपना-राजुऱ्याच्या काळ्या जमिनीत कापूस आणि तूर पिकते. वेचणी संपली की पऱ्हाट्या आणि तुराट्या बांधावर पडून असतात, पुष्कळदा शेतातच पेटवून दिल्या जातात. वितीएवढ्या तोडून उन्हात वाळवल्या तर या चुलीला याहून सोयीचं जळण नाही. बारीक तुकड्यांना पृष्ठभाग जास्त, म्हणून वायू लवकर आणि सारखा सुटतो. बांबू मात्र पेरं फोडूनच टाकावा. बंद पेरातली हवा आणि वाफ तापून फुगते आणि पेर फटाक्यासारखं उडतं.

आणि पूर. वर्धा नदी फुगली की बल्लारपूर-राजुरा रस्ता बंद पडतो. जुलै २०२२मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांनी मोठे पूर पाहिले. पर्लकोटा नदीला पाणी आलं की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तर दर पावसाळ्याचं. अशा वेळी सिलिंडरची गाडी येत नाही आणि मातीची चूल पाण्यात विरघळून गेलेली असते. पुरात सगळ्यात आधी पाणी उकळावं लागतं. विहीर आणि हातपंप गढूळ झाल्यावर खळखळून एक मिनिट उकळलेलं पाणी जुलाब आणि कावीळ टाळतं, आणि त्यासाठी काखेत मारून उंचावर नेता येईल अशी चूल लागते.

वापरताना चार गोष्टींत हयगय नको. कापसाच्या बोळ्याला थोडं गोडेतेल लावून वरून पेटवा. मध्येच जास्तीचं सरपण कोंबू नका, ज्वाला दबून धूर सुटतो. डाळ शिजायला वेळ लागतो, तेव्हा दुसरं भरलेलं नळकांडं तयार ठेवा, किंवा बाजूने काड्या सरकवता येणारी, इंग्रजी ‘एल’च्या आकाराची रॉकेट चूल घ्या. लॅरी विनियार्स्की यांनी ती १९८०च्या दशकात अमेरिकेत विकसित केली. चूल सपाट जागी ठेवा. ती उंच असते, लहान मूल धडकलं तर उकळतं पातेलं अंगावर येतं.

सगळ्यात मोठा धोका दिसत नाही. ज्वाला विझून निखारे उरले की धूर थांबतो, म्हणून लोक चूल ऊब घ्यायला खोलीत नेतात. त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड भरपूर सुटत असतो. त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. पावसाने दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत निखारे नेऊ नयेत, कितीही थंडी वाजली तरी. चूल बाहेर पेटवतानाही जागा बघावी: राखीव जंगलात तर उघड्यावर काहीही पेटवायला १९२७च्या वन कायद्याने मनाई आहे, आणि फेब्रुवारी ते जून हा वणव्याचा काळ.

स्वयंपाकघरातला धूर लहान मुलांमधला न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट करतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू गावातच उपचार करून कमी करता येतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या गावांमधून दाखवून दिलं. १९९०मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पण आजारावर उपचार असला तरी धूर मुळात नसलेलाच बरा, आणि ही चूलही पूर्ण निर्धूर नाही. म्हणून मला ती गॅसच्या जागी नको आहे. रोजच्या स्वयंपाकाला गॅसच हवा, आणि तो परवडायलाही हवा. ही चूल दुसरी, गॅस संपतो त्या दिवसांसाठी.

१९८०च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात कोट्यवधी चुली बांधल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळ पुढे फुटल्या, बुजल्या, आणि दुरुस्त करायला कुणी आलं नाही. पत्र्याची चूल गावचा लोहार किंवा वेल्डिंगवाला दुरुस्त करू शकतो. तेव्हा सुरुवात पूरग्रस्तांना जिथे हलवलं जातं त्या शाळांपासून करता येईल: जूनच्या आधी प्रत्येक शाळेत दहा चुली, झाकणाची दोन पातेली, आणि पत्र्याच्या बंद पिंपात उन्हाळ्यात वाळवलेल्या पऱ्हाट्यांचे तुकडे.