भुकेलेली हाडे

रक्तातील कॅल्शियम वाढले म्हणून गळ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि घरी निघताना डॉक्टरांनी हाती ठेवल्या त्या पिशवीभर कॅल्शियमच्याच गोळ्या! परावटू ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या घरी हा विषय हटकून निघतो. ‘जे जास्त झाले, तेच पुन्हा खायचे?’ अशी शंका वडीलधारी माणसे घेतात आणि ती मुळीच वेडगळ नाही. मात्र तिचे उत्तर वेळेवर मिळाले नाही, तर गोळ्या कपाटातच राहतात आणि तिसऱ्या रात्री रुग्णाला घेऊन धावपळ करावी लागते. म्हणून या शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

गळ्याच्या पुढील भागात अवटू, म्हणजे आपल्या परिचयाची थायरॉईड ग्रंथी असते. तिच्या पाठीशी बहुधा चार परावटू ग्रंथी चिकटलेल्या असतात. एकेकीचा आकार तांदळाच्या किंवा मसुरीच्या दाण्याएवढा. शेजार असला तरी दोघींची कामे अगदी वेगळी. रक्तातील कॅल्शियम मर्यादेत राखणे, म्हणजे शंभर मिलिलिटरमागे सुमारे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम, हे परावटूंचे काम. गंमतीची गोष्ट अशी, की या ग्रंथी शास्त्रज्ञांच्या नजरेस प्रथम पडल्या त्या एका भारतीय गेंड्याच्या शरीरात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या गेंड्याचे विच्छेदन रिचर्ड ओवेन यांनी केले, तेव्हा ही ग्रंथी त्यांना दिसली. माणसातील या ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधील इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले.

या चौघींपैकी एखादी, आणि क्वचित एकाहून अधिक, बिघडते व फुगते. गाठ बहुतेक वेळा साधी असते, कर्करोगाची नसते. परंतु तिचा स्राव अखंड वाहू लागतो आणि त्या हुकमानुसार हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरत राहते. बँकेतील ठेव रोज थोडीथोडी काढावी आणि घरात कोणाला पत्ताही नसावा, तसा हा प्रकार. हाडे ठिसूळ होतात, मुतखडे पुन्हापुन्हा होतात, पोट बिघडते, थकवा येतो, मन उदास राहते. आपल्याकडे अशा दुखण्याला ‘वात’ म्हणून तेल चोळण्यात वर्षे जातात. आमच्या नात्यातील इंदूरच्या एका मावशींचे सारे गाव संधिवात समजून चालले होते. साध्या घसरण्याने मांडीचे हाड मोडले तेव्हा कुठे रक्ताची तपासणी झाली.

ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी झाली ती १९२५ साली व्हिएन्नात. फेलिक्स मांडल यांचा रुग्ण ट्रॅमगाडीवरचा कंडक्टर होता. हाडे पोखरलेली, चालणे बंद झालेले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ग्रंथी कमी पडते असे मानून मांडल यांनी आधी दुसऱ्याची ग्रंथी त्याच्या शरीरात बसवून पाहिली. गुण आला नाही, तेव्हा गळा उघडून गाठ काढली आणि माणूस पुन्हा चालू लागला. पुढे काही वर्षांनी आजार उलटला, हेही सांगितले पाहिजे.

त्याहून चटका लावणारी हकीकत अमेरिकेतील चार्ल्स मार्टेल या जहाजावरील कप्तानाची. या धिप्पाड माणसाची उंची आजारात सुमारे सात इंचांनी घटली. १९२६ पासून त्याच्या गळ्यावर शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या, पण गाठ सापडेना. गडी असा, की ग्रंथालयात बसून स्वतः शरीररचनेचे ग्रंथ वाचू लागला आणि छातीत शोध घ्या म्हणून आग्रह धरून बसला. १९३२ मध्ये बोस्टन येथे सातव्या शस्त्रक्रियेत गाठ सापडली, ती छातीतच! परंतु गाठ निघताच तीन दिवसांत कॅल्शियम घसरून त्याचे स्नायू आखडू लागले. तो त्यातून निभावला. मात्र सुमारे दीड महिन्याने मुतखड्यावरील उपचारानंतर त्याचा अंत झाला. आज ध्वनिलहरींची तपासणी आणि सेस्टामिबी स्कॅन यांमुळे गाठीचा ठावठिकाणा बहुधा आधीच लागतो, आणि अनुभवी शल्यविशारदाच्या हातून शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात. पण मार्टेलला तिसऱ्या दिवशी जे झाले, ते आजही तसेच घडू शकते.

त्याचे कारण सोपे आहे. बिघडलेली ग्रंथी मनमानी करीत असताना उरलेल्या तिघी काम नसल्यामुळे जणू निजलेल्या असतात. गाठ काढल्यावर तिचा स्राव काही मिनिटांत ओसरतो, पण या तिघींना जाग यायला दिवस लागतात. शिवाय वर्षानुवर्षे लुटली गेलेली हाडे आता मोकळी होतात आणि रक्तातील कॅल्शियम अधाशीपणे ओढून घेऊ लागतात. वैद्यकात या अवस्थेला ‘हंग्री बोन’ म्हणजे भुकेलेली हाडे असेच नाव आहे. ज्यांच्या हाडांची आधीच फार झीज झाली आहे किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव आहे, त्यांना याचा धोका अधिक. आपल्या देशात ती उणीव किती घरांत आहे, हे निराळे सांगायला नको. गोळ्या द्यायच्या त्या या भुकेसाठी. रक्तातील जुना वाढावा गाठीमुळे होता, आहारातील दुधामुळे नव्हे; म्हणून मुतखड्याच्या भीतीने बंद केलेले दूधही डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करावे.

कॅल्शियम सर्वांत खाली उतरते ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. आणि आता तर रुग्णाला एक-दोन दिवसांतच घरी पाठवतात! इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावकडील आपल्या माणसांचा यात एक खास घोटाळा होतो. शस्त्रक्रियेसाठी मुंबई-पुण्याला मुलाकडे जायचे आणि टाके सुकण्याआधीच ‘आता आपल्या घरी बरे’ म्हणून गाडीत बसायचे. म्हणजे नेमका धोक्याचा दिवस रेल्वेच्या डब्यात जाणार! त्यापेक्षा आठवडाभर तिथेच मुक्काम करावा आणि मधे डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्यावे.

पहिली खूण ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येणे ही होय. मुंग्या आल्या की सांगितल्याप्रमाणे जादा गोळी द्यावी व डॉक्टरांना कळवावे. घाबरून भराभर श्वास घेतल्यानेही मुंग्या वाढतात, हे खरे; परंतु तेवढ्यावरून ‘मनाचे खेळ’ म्हणून रुग्णाला गप्प बसवू नये. बोटे आखडली, हात वाकडा होऊ लागला, घसा आवळल्यासारखा वाटला किंवा झटका आला, तर रात्र असो वा पहाट, रुग्णालय गाठावे. तिथे शिरेतून कॅल्शियम सावकाश देतात, तेही हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून. ते घरी करण्याचे काम नव्हे. गळा एकाएकी सुजून श्वास कोंडू लागला, तर तो आतल्या रक्तस्रावाचा इशारा समजावा व क्षणाचाही विलंब लावू नये. आवाज थोडा बसणे, गिळताना दुखणे हे मात्र बहुधा काही दिवसांचे असते. आवाज आठवडे उलटूनही बसलेलाच राहिला, तर स्वरयंत्राची तपासणी करावी.

गोळ्यांचेही वेळापत्रक आहे. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे. आम्लाशिवाय ते नीट विरघळत नाही. आपल्याकडे चतुर्थी-एकादशीला जेवण चुकते आणि त्यासोबत गोळीही चुकते! या दिवसांत उपवास नसलेलेच बरे. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोहोंत चार तासांचे अंतर असावे. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. आणखी एक घातक गैरसमज ‘ड’ जीवनसत्त्वाचा. साठ हजार एककांची पुडी सहसा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतल्याने कॅल्शियम भलतेच चढते. पुडीवर शाईने वार लिहून ठेवावा. नाचणी, तीळ, दूध जरूर द्यावे, पण हाडांची भूक मोठी असेल तर भाकरीवर भागत नाही. पुरेशा गोळ्या देऊनही कॅल्शियम चढत नसेल तर डॉक्टर मॅग्नेशियम तपासतात, कारण ते कमी असले की कॅल्शियम सावरत नाही. आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, तशाच कायम घेतही राहू नये; रक्ताच्या अहवालानुसार त्या उतरवीत न्यायच्या असतात. कोणाला काही आठवडे लागतात, भुकेल्या हाडांना काही महिनेही.

‘गाठ निघाली, आता पूर्वीसारखे वाटेल ना?’ याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे. काहींची मरगळ आठवड्यात जाते, काहींची हळूहळू महिन्यांनी, काहींची थोडी उरते. हाडांची घनता पुढची एक-दोन वर्षे वाढत राहते. तोवर न्हाणीघरातील ओली फरशी, जिन्यातील अंधार यांची काळजी घरच्यांनी घ्यावी. गेलेली उंची परत येत नाही आणि आधीचे मुतखडे विरघळत नाहीत, नवे मात्र कमी होतात. मावशी पाचव्या महिन्यात काठी घेऊन राजवाड्यापर्यंत चालत जाऊ लागल्या; उदासी ओसरायला वर्ष लागले.

शस्त्रक्रियेला सहा महिने झाल्यावर कॅल्शियम योग्य पातळीवर असेल, तरच आजार गेला असे वैद्यक मानते. त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी पुरते. रुग्ण तरुण असेल किंवा एकाहून अधिक ग्रंथी बिघडलेल्या निघाल्या असतील, तर हा दोष वंशात असू शकतो. अशा वेळी भावंडांचे व मुलांचे रक्त तपासावे का, हे डॉक्टरांना विचारावे. कोणती ग्रंथी काढली आणि कोणत्या तीन राहिल्या, याचा कागद मुलाच्या मुंबईच्या घरी न ठेवता आपल्या गावी, आपल्या फायलीत ठेवावा.