दोन टक्क्यांची खळ

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला, तेव्हा जगाचे डोळे फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांवर खिळले होते. त्याच प्रांतात, अणुभट्ट्यांच्या दक्षिणेला इवाकी शहरात, कुरेहा कंपनीचा एक रासायनिक कारखानाही बंद पडला. तिथे पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड, म्हणजे पीव्हीडीएफ, नावाची पांढरी भुकटी बनत असे. लिथियम-आयन बॅटरीत बंधक म्हणून लागणाऱ्या या भुकटीचा जगातला सुमारे ७० टक्के पुरवठा एकट्या कुरेहाच्या हाती होता. फोन आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांची झोप उडाली. लिथियम होतं, कोबाल्ट होतं, ग्रॅफाइट होतं. अडलं होतं ते खळीवाचून.

खळ हा शब्द मुद्दाम वापरतोय. आकाशकंदिलासाठी मैद्याची खळ शिजवणाऱ्याला ठाऊक असतं की पातळ झाली तर कागद निसटतो, दाट झाली तर गुठळ्या उमटतात. बॅटरीवाल्यांची सारी विवंचना हीच आहे, फक्त त्यांचा कागद मायक्रॉनमध्ये मोजतात.

इलेक्ट्रोड म्हणजे धातूचा सलग तुकडा अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो केसाहून पातळ वर्खावर दिलेला भुकटीचा लेप असतो. धन बाजूला ॲल्युमिनियमचा वर्ख, त्यावर धातूच्या ऑक्साइडची भुकटी, वीज वाहावी म्हणून थोडी काजळी आणि हे सगळं धरून ठेवणारं पीव्हीडीएफ. ते एनएमपी नावाच्या द्रावकात विरघळवून त्यात भुकट्या कालवल्या की स्लरी तयार होते. वाळलेल्या लेपात बंधक शंभरात जेमतेम दोन-तीन भाग. त्याहून वाढवलं तर हे वीज न वाहणारं ओझं नुसतं जागा अडवतं. कमी केलं तर लेप झडतो.

सोनीने १९९१ साली पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हा लेप देण्याचं कसब तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. कॅसेटची फीत म्हणजे तरी काय? लोहाच्या ऑक्साइडची भुकटी, बंधक, द्रावक आणि खाली प्लॅस्टिकची पट्टी. गाण्यांची विद्या विजेच्या कामी आली.

स्लरीला दोन परस्परविरोधी स्वभाव लागतात. टाकीत उभी असताना ती दाट हवी, नाहीतर जड भुकटी तळाशी बसते. लेप देणाऱ्या यंत्राच्या फटीतून जाताना मात्र ती सैल व्हायला हवी. दोन्ही गोष्टी मुख्यतः बंधकाच्या लांब साखळ्यांवर ठरतात. निकेल जास्त असलेल्या धन-पदार्थांत तर निराळंच संकट. त्यांच्या पृष्ठभागावर उरलेला लिथियमचा अल्कली दमट हवेत पीव्हीडीएफवर चाल करून जातो, त्याच्या साखळीतून हायड्रोजन आणि फ्लोरिन सुटतात आणि पाहता पाहता स्लरीची खरवसासारखी वडी होते. म्हणून अशा ठिकाणी हवेतल्या ओलाव्यावर पहारा असतो.

मग वाळवणं. भर उन्हात घाईने वाळलेल्या सारवणाला पोपडे धरतात, तसंच इथे होतं. द्रावक वरून उडतो आणि जाताना बंधकालाही वर ओढून नेतो. माथ्याला खळीची साय, तळाशी दुष्काळ. लेप वर्खापासून सुटतो. एनएमपी सुमारे २०२ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याला लांबलचक भट्ट्या लागतात आणि प्रजननाला अपायकारक असल्याने त्याची वाफ थंड करून परत मिळवावी लागते. माझ्या मते पीव्हीडीएफचा खरा दोष त्याच्या चिकटण्यात नाही, त्याच्या या सोबत्यात आहे.

ऋण बाजूने ही संगत केव्हाच सोडली. तिथे ग्रॅफाइट पाण्यात कालवतात. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे टूथपेस्टला आणि आइस्क्रीमला दाटपणा देणारं सीएमसी, भुकटीला तरंगत ठेवतं. टायरच्या रबराचा भाऊबंद एसबीआर लेपाला लवचीकपणा देतो. एसबीआर शेवटी घालतात आणि हलक्या हाताने ढवळतात. जोराने घुसळलं तर त्याचे कण फुटून एकमेकांना चिकटतात. धन बाजूला मात्र पाणी सहजासहजी चालत नाही. निकेलच्या ऑक्साइडमधून लिथियम पाण्यात उतरतं, पाणी अल्कधर्मी होतं आणि ॲल्युमिनियमचा वर्ख कुरतडला जातो.

टेस्लाने सप्टेंबर २०२० मध्ये द्रावकच नको, अशी घोषणा केली. त्यासाठीचं कोरड्या लेपाचं तंत्र तिने २०१९ साली मॅक्सवेल ही कंपनी घेऊन मिळवलं होतं. त्यात पीटीएफई वापरतात. दाबून रगडलं की त्याचे बारीक तंतू निघून भुकटीला जाळ्यासारखे धरतात. तव्याला काही चिकटू न देणारं टेफ्लॉन ते हेच!

ऋण बाजूला ग्रॅफाइटच्या जागी सिलिकॉन आला की मात्र साधी खळ हरते. लिथियम शोषताना त्याचं आकारमान सुमारे तीनशे टक्क्यांनी वाढतं आणि पुन्हा आक्रसतं. पीव्हीडीएफची पकड प्रामुख्याने दुबळ्या आकर्षणाची असल्याने ती या धापेला टिकत नाही. २०११ सालीच जॉर्जिया टेक आणि क्लेमसन विद्यापीठाच्या संशोधकांनी तपकिरी समुद्री शेवाळातलं अल्जिनेट वापरून सिलिकॉनला आवर घातल्याचं ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. अल्जिनेटच्या साखळीवर ठिकठिकाणी असलेले कार्बोक्सिल गट सिलिकॉनच्या पृष्ठभागाला घट्ट धरतात.

त्यानंतर वनस्पतींच्या डिंकांकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली. त्याला आता आणखी एक कारण आहे. २०२३ साली युरोपातल्या पाच देशांनी फ्लोरिनयुक्त ‘चिरंजीव’ रसायनांवर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव दिला आणि पीव्हीडीएफ, पीटीएफई दोन्ही त्याच्या कक्षेत येतात. प्रयोगशाळांत तपासल्या गेलेल्या डिंकांत एक आपल्या ओळखीचा आहे, गवारीच्या बियांतला. जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही राजस्थानात, पिकते. आपण तिच्या शेंगा भाजीला आणतो. तिच्या डिंकाचा मोठा ग्राहक आजही अमेरिकेतल्या तेल-वायूच्या विहिरी आहेत.