पाटी आहे, पण गाव नाही

मूल शाळेत घालताना आपण त्याला न बोलता एक वचन देत असतो : आज शीक, उद्या तुझ्या शिकण्याला कोठेतरी किंमत येईल. हे वचन देणारेच कोणी नसेल तर त्या शिक्षणाचे काय होते, हे बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या छावण्यांत दिसते.

ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना मान्य जमातींत स्थान दिले नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये राखाइन प्रांतात लष्कराने हत्याकांड आरंभले, तेव्हा ७ लाखांहून अधिक माणसे नाफ नदी ओलांडून आली. कुतुपालोंग ही जगातील सर्वांत मोठी निर्वासित छावणी झाली. तिच्यातील निम्मी वस्ती मुलांची!

शाळा निघाल्या त्या बांबूच्या आणि ताडपत्रीच्या, कारण पक्क्या बांधकामाला परवानगी नव्हती. ही माणसे येथेच राहतील या धास्तीने बांगलादेश सरकारने आपला अभ्यासक्रम शिकवू दिला नाही. म्यानमारचा अभ्यासक्रम शिकविण्याचे २०२० साली ठरले आणि २०२१ च्या अखेरीस तो सुरू झाला. पण मुलांची घरची बोली चितगावच्या बोलीला जवळची. बर्मी त्यांना परकीच. त्यांच्या बोलीसाठी १९८० च्या दशकात मोहम्मद हनीफ यांनी लिपी तयार केली, पण या अभ्यासक्रमात तिला जागा नाही.

भाषेचे हे दुखणे आम्हां हैदराबादच्या मराठी माणसांना परके नाही. निजामाच्या राज्यात १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवी. अशा राज्यात १९०७ साली उभ्या राहिलेल्या विवेकवर्धिनीचे मोल आमच्या वाडवडिलांनी जाणले होते. पण त्यांच्या पायाखाली स्वतःची जमीन होती, आणि परीक्षेचा कागद दाखविला तर नोकरी मिळे. रोहिंग्या मुलाने वर्गामागून वर्ग पार केले, तरी त्याच्या कागदाला ना म्यानमारची मान्यता, ना बांगलादेशाची.

मग आईबापांनी कशाच्या भरवशावर धीर धरावा? मुलगा थोडा मोठा झाला की मजुरीला लागतो. मुलगी वयात आली की घरी बसते, आणि लौकरच तिच्या लग्नाच्या गोष्टी निघतात. मुलींचे वर्ग वेगळे भरविले तेथे काही मुली परतल्या, हे विसरता कामा नये. रोहिंग्यांनी स्वतःच्या बळावर चालविलेल्या शाळा डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने बंद करविल्या. आणि २०२५ च्या मध्यास निधी आटल्यामुळे युनिसेफलाही हजारो शिक्षणकेंद्रांचे काम थांबवावे लागले.

१९८९ च्या बालहक्क करारात मुलाला नागरिकत्वाचा आणि शिक्षणाचा हक्क दिला आहे. म्यानमार, बांगलादेश आणि भारत, तिघेही त्याला बांधलेले आहेत. आमच्या शहरात बाळापूरकडे काही रोहिंग्या कुटुंबे राहतात, म्हणून हा प्रश्न दूरचा मानता येत नाही. दिल्लीतील रोहिंग्या मुलांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले की, त्यांनी आधी सरकारी शाळेत प्रवेश मागावा, आणि नाकारल्यास उच्च न्यायालयात जावे.

मला वाटते, मागणी साधी आहे : मुलाने जे शिकले त्याचा दाखला कोणीतरी मान्य करावा. परतीच्या वाटाघाटी खुशाल चालोत. २०१७ साली छावणीत जन्मलेले मूल २०२५ साली आठ वर्षांचे झाले. वाटाघाटींसाठी त्याचे वय थांबले नाही.