६१७४ : एका शिक्षकाचे संशोधन

संशोधनाचे मोल केवळ लेखसंख्येवरून ठरत नाही. इतर अभ्यासकांनी त्याचा किती आधार घेतला, हेही पाहावे लागते. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणूस १९०५ साली जन्मलेले व ठाण्यात माध्यमिक शिक्षण झालेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळाशिक्षक होते. ३५२४ चे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास ३०८७, ८३५२ व नंतर ६१७४ येते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या, आरंभीचे शून्य राखल्यास, फार तर सात पायऱ्यांत तेथेच पोहोचते. १९४९ मध्ये गवसलेला हा गुणधर्म १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त प्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांची दखल घेतली आणि त्यांचे नाव जगभर झाले. दखलीस विलंब लागला. परंतु शिक्षकाने निष्कर्ष वेळीच छापून ठेवले होते, म्हणूनच ती घेता आली.