सातासमुद्रापलीकडची चतुर्थी

भाद्रपद लागला की मुळशीच्या खोऱ्यात पावसाची झड किंचित ओसरते, भातखाचरे गर्द होतात आणि बांधाबांधावर तेरडा फुलतो. चतुर्थीस श्रीगणरायाची पार्थिव मूर्ती पाटावर विराजमान होते, पाठोपाठ तेरड्याच्या गौरी येतात. याच दिवशी हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावरही मराठी आरतीचा घोष चालू असतो, हे आपल्यापैकी कित्येकांस ठाऊक नसेल.

१८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी या बेटावर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. बहुसंख्य भोजपुरी बोलणारे बिहारकडील. काही तमिळ, काही तेलुगू. आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणपट्टीतील मराठी माणसे. घर सुटले, देव सुटला नाही. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने आजही गणपतीपुढे नाचली जाते. मुळशीकरास हे समजावून सांगावयास नको. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी सेनापती बापटांच्या साथीने येथील मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला. तरीही पाणी चढले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शेतेघरे त्याखाली गेली. गाव सोडणारा मनुष्य आधी देव्हाऱ्यातील टाक उचलतो.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. भारतीय, आफ्रिकी, चिनी, फ्रेंच अशा नाना वंशांच्या या चिमुकल्या राष्ट्राने आपली ओळख कशी सांगावी? एकाच धर्माचा वा भाषेचा शिक्का मारणे शक्य नव्हते, इष्टही नव्हते. त्याचे उत्तर तेथील सुट्यांच्या यादीत दिसते. महाशिवरात्र, तमिळांची कावडी, ईद, चिनी नववर्ष, नाताळ आणि गणेशचतुर्थी! मराठी माणसे तेथे मूठभर. परंतु त्यांच्या दैवतासाठी साऱ्या देशाच्या कचेऱ्या बंद राहतात.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथील मराठी घरांत आज बहुधा क्रिओल बोलली जाते. मराठी ही शाळेत, किंवा मोका येथील महात्मा गांधी संस्थेत, शिकावी लागणारी भाषा झाली आहे. आरती तोंडपाठ, अर्थ मात्र अंधुक, अशी नव्या पिढीची अवस्था होऊ नये म्हणून तेथील मंडळी झटतात. (आपल्या घरच्या मुलांस आरतीतील चार शब्दांचे अर्थ विचारून पाहावेत; उत्तर फारसे वेगळे येईल असे वाटत नाही.)

आता आपल्याच तालुक्याकडे पाहू. हिंजवडी, पिरंगुट या परिसरात पोटासाठी बिहार-ओरिसाकडील माणसे येऊन राहिली आहेत. ज्या प्रांतांतील लोक मॉरिशसच्या मळ्यांत आपल्या माणसांच्या खांद्यास खांदा लावून राबले, त्यांपैकीच ही. तेथे आपण मूठभर होतो; येथे ती आहेत. कार्तिकात षष्ठीस सूर्यनारायणास अर्घ्य देण्यासाठी ती आपल्याच नद्यांच्या काठी उभी राहतात.

मागील वर्षी आमच्या आळीत आरती चालू असता असेच एक कुटुंब संकोचाने दाराबाहेर थबकले होते. घरातील आजींनी त्यांस आत बोलाविले आणि धाकट्या मुलाच्या हाती झांजा दिल्या. शब्द त्यास येत नव्हते. ठेका मात्र एकदाही चुकला नाही.