बीडकरांचा बर्फ

बीडच्या सुभाष रोडवर कापड मिळतं, सोनं मिळतं, शाळेची पुस्तकं मिळतात. स्की मिळत नाहीत. मिळायचं काही कारणही नाही. मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकतो, आणि जिल्ह्याचा बर्फाशी रोजचा संबंध उसाच्या रसाच्या गाड्यापुरता. तरीही गेल्या चार दशकांत इथली कुटुंबं खऱ्याखुऱ्या बर्फात जाऊन येत आहेत. कुलू-मनाली, काश्मीर, अलीकडं औली. त्या प्रवासासाठी त्यांनी काय मागून नेलं, काय भाड्यानं घेतलं आणि काय विकत आणलं, याचा माग काढला की लक्षात येतं: सामानाचा प्रश्न हळूहळू सुटत गेला, तारखेचा मात्र अजून तिथंच आहे.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते, कारण बीडला ती नव्हती. परळीला निजामाच्या काळापासून रूळ होते, पण त्या रुळांचं तोंड हैदराबादकडं. उत्तरेला जायचं तर बीड, आष्टी, पाटोद्याच्या माणसानं एसटीनं नगर गाठायचं आणि पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस पकडायची. माजलगाव, गेवराईकडच्यांना जालना किंवा औरंगाबाद जवळ. पुढं नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड सुरू झाली, तेव्हा त्यांची सोय झाली. सचखंडमध्ये स्टेशनांवर लंगरचं जेवण मिळतं, हे कळल्यावर दशम्यांचा डबा थोडा हलका झाला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मात्र तरीही असायचीच. लंगरवर विश्वास नव्हता असं नाही. लेकरांच्या तोंडाला दिल्लीनंतर चव राहत नाही, हा घरोघरचा अनुभव होता.

झेलममध्ये फौजी फार. नगरला लष्कराची मोठी छावणी, आणि बीड जिल्ह्यातून सैन्यात जाणारी पोरंही थोडी नाहीत. त्यामुळं या भागातल्या पुष्कळ घरांत बर्फाची पहिली हकिकत फौजीनं सांगितलेली असते, सहलीला गेलेल्यानं नव्हे. अविनाश साबळेचंच बघा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा बारावी करून ५ महार या पलटणीत भरती झाला आणि २०१३-१४ साली त्याची नेमणूक थेट सियाचीनला. पुढं तो स्टीपलचेस धावला, २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला, आणि सगळ्या देशाला त्याचं नाव कळलं. पण दुष्काळी आष्टीतून निघालेल्या माणसानं जगातल्या सर्वांत उंच रणभूमीवर हिवाळा काढला, ही गोष्ट मला पदकांइतकीच मोठी वाटते.

आपल्या देशात स्कीइंगसुद्धा बराच काळ साहेबांचं आणि मग फौजेचं होतं. गुलमर्गला इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली स्की क्लब काढला. इंग्रज गेले आणि १९४८ साली तिथंच लष्करानं आपली स्की शाळा उघडली. सर्वसामान्य माणसाच्या पायात ती लांब पट्टी यायला अजून बराच अवकाश होता.

तर पहिल्या पिढीची खरेदी ही खरेदी नव्हतीच. फौजीचा जाड कोट मागून आणायचा, गल्लीतल्या दुसऱ्या घरातून मफलर, मामाकडून होल्डॉल. हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले बसायचे, त्यांच्याकडून लेकरांना वाढत्या मापाचे स्वेटर घ्यायचे, म्हणजे सहलीनंतर तीन-चार वर्षं शाळेला होतात. माकडटोपी घरात असायचीच. आणि सगळ्यांच्या खाली, अंगाला चिकटून, सुती बनियन.

इथं जरा थांबतो, कारण कापसाच्या जिल्ह्याची गंमत इथंच आहे. बर्फात सुतासारखा शत्रू नाही. सूत पाणी आणि घाम दोन्ही पितं, धरून ठेवतं आणि अंगातली ऊब काढून घेतं. आपल्याकडच्या उन्हात जो गुण, तोच तिथं अवगुण. उलट धनगराची घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, टोचणारी, वास येणारी. पण भिजली तरी ऊब सोडत नाही, म्हणून तर मेंढपाळ पावसात तिची खोळ करून माळावर उभा राहतो. आज बर्फातल्या कपड्यांचे जे तीन थर सांगतात (आत घाम शोषून बाहेर टाकणारं, मध्ये ऊब धरणारं, वरून वारा-पाणी अडवणारं) त्यातला मधला थर बीडच्या माळावर शेकडो वर्षं होता. सहलीला निघताना तो घरी ठेवून आपण बनियन घालून जात होतो, कारण घोंगडी घेऊन मनालीला जायचं म्हणजे लोक काय म्हणतील!

ऐंशीच्या दशकापासून मराठी सहल कंपन्यांचा जोर वाढला. केसरी टूर्स १९८४ची. त्याच घरातून २०१३ साली वीणा वर्ल्ड निघाली. या कंपन्यांनी मराठी माणसाला मनालीत पुरणपोळी खाऊ घातली, याची थट्टा खूप झाली आहे. मला त्यांचं दुसरं ऋण मोठं वाटतं. निघण्याआधी काय-काय घ्यायचं याचा छापील कागद त्यांनी हातात दिला. बीडसारख्या ठिकाणी तो कागद एका घरातून दुसऱ्या घरात फिरायचा. ज्याला कंपनीचे पैसे परवडत नाहीत तोही त्याची झेरॉक्स काढून स्वतःच्या हिमतीवर जायचा. थर्मल हा शब्द आपल्याकडं त्या कागदातून आला. त्याआधी परळीकरांसाठी थर्मल म्हणजे वीज केंद्र.

पण जायचं कधी? मे महिन्यात. शाळेला सुट्टी तेव्हाच, आणि वैशाख वणव्यातून सुटका हवी तीही तेव्हाच. मे महिन्यात मनालीकडं बर्फ फक्त रोहतांगला, ३,९७८ मीटरवर, तोही रस्त्याच्या कडेला राहिलेला, चाकांनी काळवंडलेला. बीडकरांच्या दोन पिढ्यांनी हाच शिळा बर्फ पाहिला आणि त्यालाच बर्फ म्हटलं.

त्या वाटेवरची भाड्याची दुकानं हा मात्र खरा तमाशा. मनालीहून सोलंगकडं जाताना ओळीनं टपऱ्या, दुकानाला नाव नाही, नुसता नंबर. गाडीवाला त्याच्या ठरलेल्या नंबरापुढंच ब्रेक लावतो. आत दोरीवर लाल, जांभळे, पोपटी एकसंध सूट लटकत असतात. गळ्यापासून खाली चेन, पायात गमबूट. काका भाव करतात, ‘भैया, सात जन का लगाओ.’ मग कपडे घालायचा कार्यक्रम. आजीची नऊवारी असली तर काही अडत नाही. काष्टा असल्यामुळं दोन्ही पाय मोकळे, सूट सरळ वर चढतो. पंचाईत सहावारीवाल्या सुनेची. निऱ्या वर खोचा, पदर गुंडाळा, मग पोटाशी गोळा होतो आणि चेन लागत नाही. शेवटी दोघी-तिघी मिळून ती ओढतात, आणि आजी आधीच बाहेर जाऊन भुट्टा खात उभी असते. गमबूट आधीच्या गिऱ्हाइकानं आतून ओले केलेले. अनुभवी बायका म्हणून घरूनच दुधाच्या पिशव्या धुऊन-वाळवून नेतात. पायमोज्यावर पिशवी, मग बूट. इतका स्वस्त आणि इतका कामाचा उपाय कुठल्याही कंपनीच्या कागदावर नव्हता.

दरम्यान बर्फच थोडा जवळ आला. हैदराबादला २००४ साली स्नो वर्ल्ड उघडलं. अंबाजोगाई-परळीकरांना हैदराबाद परकं नाही. कोट-बूट तिथंच मिळतो, तासाभरात बाहेर. आजच्या विशी-बाविशीतल्या कित्येक पोरांचा पहिला बर्फ तोच. आणि एकदा तर तो दारात आला. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट झाली, शिवारं पांढरीफेक पडली. लेकरांनी गारांचे गोळे केले. त्यांच्या बापांचा गहू, ज्वारी आणि बागा त्याच गारांखाली गेल्या होत्या. त्यानंतरची दोन वर्षं दुष्काळाची. तेव्हा सहलीचं नाव कुणी काढलं नाही.

खरं स्कीइंग या कथेत फार उशिरा येतं. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, दुसरा २००५ला. तो अफरवाट शिखराच्या कुशीत जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो. रोहतांगखालचा अटल बोगदा २०२०च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाला आणि हिवाळ्यातही लाहौलचा सिस्सूपर्यंतचा भाग गाडीच्या टप्प्यात आला. औलीला गढवाल मंडल विकास निगमचे, मनालीला पर्वतारोहण संस्थेचे शिकवणीचे वर्ग आहेतच. मोबाइलवर कुणाचं तरी पोर घसरताना दिसलं, आणि बीडच्या डॉक्टर, शिक्षक, बी-बियाणांच्या व्यापाऱ्यांच्या घरांत प्रश्न आला: आपणही शिकायचं का? आणि लगेच दुसरा: सामान विकत घ्यायचं का?

माझं उत्तर स्पष्ट आहे. स्की, बूट, काठ्या, बोर्ड यांतलं काहीही विकत घेऊ नये. वाढत्या वयाच्या मुलाला तर मुळीच नाही. त्याची स्की उभी धरली तर हनुवटी ते नाकापर्यंत यावी लागते, म्हणजे दर हिवाळ्याला माप बदलणार. गुलमर्गला सामान भाड्यानं देणारी दुकानं पिढीजात आहेत. बीजिंगच्या २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटाच गेलेला आरिफ खान हा अशाच घरचा. त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान. अशा माणसाचा हात आपल्या खरेदीपेक्षा जास्त उपयोगाचा.

बूट घालताना घाई करू नये. स्कीच्या बुटाचं माप पावलाच्या सेंटिमीटरमध्ये असतं, आपला सात-आठ नंबर तिथं चालत नाही. ताठ उभं राहिलं की बोटं पुढं हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की ती मागं सरकली पाहिजेत, आणि टाच तर कशानंही उचलता कामा नये. आपला माणूस इथं हमखास म्हणतो, ‘एक नंबर मोठा द्या, चावतोय.’ मोठा घेतला की पाय आत फिरतो आणि स्की ऐकत नाही. पायमोजा एकच, पातळ. दोन जोड घातल्यानं थंडी कमी होत नाही, रक्त अडतं. मग बूट आणि स्की जोडणारी कळ. ती किती जोरावर सुटावी याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि येणारी कला यांवर ठरतो. इथं कुणी पुरुषानं कला जास्त सांगू नये. पडल्यावर पट्टी सुटली नाही तर गुडघा जातो. स्नोबोर्डचं तंत्र निराळं. दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे, बूट मऊ, चालायला सोपे. शिकणारा बोर्डवाला पडतो तो हातावर, म्हणून त्याचं मनगट दुखावतं.

विकत घ्यायचं ते अंगाला लागणारं. थर्मलचे दोन जोड, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे पायमोजे, पाणी न शिरणारे हातमोजे, गॉगल. ताजा बर्फ ऊन आरशासारखं परत फेकतो. बीडच्या उन्हात रापलेले डोळेही तिथं लाल होतात. पुण्याला डिकॅथलॉनमध्ये हे सगळं एका छताखाली मिळतं. कोट घेऊ नये, परत आल्यावर तो कपाटात पडतो. हातमोजे निदान पहाटे मोटारसायकलवर मोंढ्यात जाताना लागतात.

एवढं सगळं जमलं तरी तारीख जमत नाही. स्कीचा हंगाम डिसेंबर ते मार्च. त्याच महिन्यांत जिल्ह्यातली लाखो माणसं बायका-लेकरांसह ऊसतोडीच्या फडावर असतात. त्यांचा कुटुंबासह प्रवास दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो आणि त्याची तयारी कोयता, ताडपत्री आणि पिठाच्या डब्याची असते. जे घरी आहेत त्यांच्या डोक्यावर परीक्षा. २०२५ साली बारावी ११ फेब्रुवारीला सुरू झाली, दहावी २१ला. आणि बर्फही आता वेळ पाळत नाही. २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं होतं. २०२५ला खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत बर्फ नाही म्हणून ९ ते १२ मार्चला घ्याव्या लागल्या, म्हणजे ऐन दहावीच्या पेपरांत. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी व्हायचं. २०२४च्या नोव्हेंबरपासून ६०. बर्फ पडेल की नाही हे पाहून ठरवणाऱ्याला हे बरं, पण सुट्टी मागणाऱ्या शिक्षकाला त्यानं काही फरक पडत नाही.

२०२५ तर सगळ्याच बाजूंनी वाईट गेलं. २२ एप्रिलला पहलगामला दहशतवादी हल्ला झाला, मेअखेरपर्यंतच्या काश्मीरच्या सहली रद्द झाल्या. सप्टेंबरात जिल्ह्यात अतिवृष्टीनं कापूस आणि सोयाबीन पाण्यात गेलं. कापसाच्या पैशावर डिसेंबरची तिकिटं काढणारी घरं गप्प बसली. एक गोष्ट मात्र चांगली झाली: सप्टेंबरच्याच १७ तारखेला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडच्या स्टेशनातून अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या नगरला, पहिली गाडी सुटली. नगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला तो १९९५ साली. झेलमपर्यंत नेणारी गाडी आता घरातूनच आहे.

आता एक वाट काही घरांनी शोधली आहे. दहावीचा शेवटचा पेपर २०२५ला १७ मार्चला होता, आणि खालच्या वर्गांच्या वार्षिक परीक्षा ८ एप्रिलपासून. मधल्या तीन आठवड्यांत जायचं. तेव्हा गुलमर्गच्या खालच्या उतारावर चिखल असतो, पण दुसऱ्या टप्प्यावर अफरवाटला बर्फ टिकतो. नवशिक्याला तिथं स्की लावून चालत नाही, तो उतार त्याच्या आवाक्यातला नाही. म्हणून थोरल्यानं पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला, सकाळी लवकर शिकून घ्यायचं, ऊन चढायच्या आत. धाकट्याची शाळा बुडते, त्याचा अर्ज आठवडाभर आधी द्यावा लागतो, आणि अर्जात कारण घरगुती असंच लिहितात.