चक्कर येतेय? आधी ती कोणती ते ओळखा. घरचे उपाय आणि दवाखाना कधी गाठायचा, वाचा सविस्तर

ओझर (ता. निफाड) : एप्रिलमध्ये द्राक्षबागेची खरड छाटणी असते आणि ऊनही तापलेलं असतं. कामावर कुणाला गरगरलं की आपल्याकडे लगेच सल्ले सुरू होतात. कुणी कांदा हुंगायला देतं, कुणी ‘पित्त झालंय’ म्हणतं, तर कुणी मेडिकलमधून चक्करची गोळी आणतं. पण सगळ्या चकरा सारख्या नसतात. कारण बदललं की उपायही बदलतो.

चक्कर आली की पहिल्यांदा काय कराल?
जिथे असाल तिथेच खाली बसा. शिडीवर, ट्रॅक्टरवर किंवा गाडीवर असाल तर आधी थांबा आणि उतरा. सावलीत आडवे व्हा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात पाणी घालू नका. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा.

१) उन्हाची चक्कर
घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्या. मीठ टाकलेलं ताकही चालतं. तहान लागायची वाट बघू नका. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

२) उठताना अंधारी येणे
बसून काम करताना पटकन उठलं की रक्तदाब घसरतो. पाय हलवा, मग बसते व्हा, थोडं थांबा आणि नंतर उभे राहा. बीपीची गोळी सुरू झाल्यावर असं होत असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

३) घर फिरल्यासारखं वाटणे
कुशीवर वळताना, किंवा मंडपाखाली मान वर करून घड विरळताना काही सेकंद सगळं गरगर फिरतं. कानाच्या आतल्या भागातले बारीक खडे जागेवरून सरकल्याने हे होऊ शकतं. यावर ‘एप्ली’ नावाची डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याची क्रिया आहे. बऱ्याच जणांना तिने एक-दोन वेळातच आराम पडतो. कोणत्या कानाचा दोष आहे हे कळावं लागतं, म्हणून पहिल्यांदा कान-नाक-घसा डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. मानेचा त्रास असेल तर व्हिडिओ बघून करू नका.

४) अशक्तपणा आणि साखर
बायकांमध्ये रक्त कमी असणं हे मोठं कारण आहे. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. पालेभाजी, कडधान्यं खा, वर लिंबू पिळा. जेवणाला लागूनच चहा घेऊ नका. शुगरची औषधं चालू असलेल्यांनी उपाशीपोटी कामावर जाऊ नये. घाम, थरथर आणि चक्कर एकदम आली तर शुद्धीत असताना ३-४ चमचे साखर खा.

५) फवारणीची चक्कर
ही सगळ्यात घातक. चक्करसोबत मळमळ, तोंडाला लाळ, खूप घाम, धूसर दिसणं असेल तर ही विषबाधा असू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका. लगेच बागेबाहेर या, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. लिंबू-सरबतात वेळ घालवू नका.

आलं, ॲक्युप्रेशर, योगाचं काय?
आल्याने मळमळ थोडी कमी होऊ शकते. मनगटाच्या आतल्या बाजूला दाबल्यानेही काहींना मळमळीत बरं वाटतं. पण चक्करचं मूळ कारण त्याने जात नाही. सावकाश श्वसन आणि रोजचं चालणं चांगलं. चक्कर येत असताना कपालभाती, शीर्षासन नको. चक्करच्या गोळ्याही महिनोन्‌महिने मनाने खाऊ नका. काहींनी हात थरथरणं, हालचाल मंदावणं असे त्रास होतात.

१०८ ला फोन कधी?
तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, अचानक तीव्र डोकेदुखी, बेशुद्धी, किंवा उन्हातून आल्यावर अंग तापून बडबड करणं. यातलं एकही लक्षण दिसलं तर घरचा उपाय करत बसू नका. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर तेच आधी विचारतात.

चक्कर वारंवार येत असेल तर कधी येते, किती वेळ राहते आणि तेव्हा काय करत होता, हे मोबाईलमध्ये लिहून ठेवा. दवाखान्यात तेवढी नोंद दाखवली तरी निदान सोपं होतं.